उंच बसलं की सुरक्षित? कुणी सांगितलं?

खालचा_मजला:
काल एका चर्चेत वाचलं: "एकदा उंच गाडीत बसलात की खालच्या गाडीत बसवत नाही. रस्ता दिसतो म्हणून सुरक्षित. ॲव्हरेज थोडं कमी मिळतं, पण जिवापेक्षा मोठं आहे का?" खाली चाळीस जणांचं +१. रात्रभर डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

बसणारा वर गेला की छत वर जातं, गाडी हवेत जास्त जागा अडवते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ५० वरून १०० वर गेलात की चौपट. नुसत्या बैठकीने किती फरक पडतो ते सायकलवाल्यांना विचारा. १९३३ साली फ्रान्सिस फॉरने रेलून चालवायच्या सायकलवर तासात ४५ किलोमीटर कापले आणि जवळजवळ वीस वर्षांचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी ती सायकल स्पर्धांतून बाद! २००२ मध्ये फोक्सवॅगनने माणसं एकामागे एक बसवून १०० किलोमीटरला एक लिटरही न पिणारी गाडी चालवून दाखवली.

आणि सुरक्षितता? गुरुत्वमध्य वर गेला की झटक्यात वळवलेली गाडी उलटायला सोपी. बॉनेटच्या पुढ्यातलं लहान मूल तर दिसतच नाही. कसला रस्ता दिसतो तुम्हाला?

सिग्नलचा_राजा:
१९४८ साली रोली फ्री पोहण्याच्या चड्डीत मोटारसायकलवर आडवा पडून ताशी १५० मैलांच्या वर गेला होता. उद्यापासून आम्हीही ऑफिसला तसंच जावं का? माझी गाडी सिग्नल ते सिग्नल रांगते. तिथे हवा नाही, वजन पेट्रोल खातं. आणि उंच गाडीने बाजूने ठोकलं तर तिचा बंपर तुमच्या बरगड्यांशी येतो, हे सोयीस्करपणे गाळलंत.

खालचा_मजला:
म्हणजे दुसऱ्याच्या बरगड्यांवर तुमचा जीव वाचवायचा. छान.

पाय_पोचेनात:
दोघांची उंची किती हो? माझी ४ फूट १० इंच. क्लच तळापर्यंत दाबायचा तर सीट पुढे, आणि सीट पुढे घेतली की छाती स्टिअरिंगला. एअरबॅगपासून छातीचं हाड किमान २५ सेंटीमीटर लांब हवं म्हणतात. मी शिवणाची टेप लावून मोजलं, १७ भरलं. विकणारा म्हणाला, "मॅडम, उशी घ्या." घेतली. पहिल्याच जोरदार ब्रेकला उशी पुढे सरकली आणि कमरेचा पट्टा पोटावर चढला.

जुना_पाना:
ताई, पाठ थोडी मागे पाडा आणि स्टिअरिंग खाली करा, एअरबॅगचं तोंड डोक्याकडे नको.

पाय_पोचेनात:
दादा, हे सांगणारे तुम्ही अकरावे. पाठ मागे पाडली की खांदे सीटवरून सुटतात आणि हात पोचत नाहीत. बेल्ट गळ्याला घासतो तो वेगळाच. क्रॅश टेस्टमध्ये बाईचा म्हणून जो छोटा पुतळा वर्षानुवर्षं बसवत आले, तो पुरुषाचाच पुतळा आटवलेला. आणि तुम्ही इथे छताची उंची मोजताय!

सिग्नलचा_राजा:
विषय गाडीच्या उंचीचा होता, बाईंच्या नाही.

पाय_पोचेनात:
विषय "बसणं" होता. वर जाऊन वाचा.

जुना_पाना:
ताईंचं बरोबर आहे, अकरावा तर अकरावा. पण मागे पाडण्यावरून आठवलं. माझा मेहुणा शेजारी सीट पूर्ण आडवी करून घोरत होता. बेल्ट लावलेला, पण छातीपासून वीतभर लांब लोंबत. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि हा पट्ट्याखालून घसरत गेला. गुडघे डॅशबोर्डवर, पट्टा बेंबीच्या वर. आठवडाभर पोट काळंनिळं. थोडं रेलणं वेगळं, खाट करणं वेगळं. मेहुणा अजून बोलत नाही. बेल्टशी नाही, माझ्याशी.

सिग्नलचा_राजा:
हवेचा विरोध तरी कमी झाला असेल.

खालचा_मजला:
हसा. बरं, हायवेवर रोज जात नसाल तर ॲव्हरेजचा मुद्दा अर्धा सोडतो. अर्धाच. उलटण्याचा आणि पोराचा सोडत नाही. आणि ताई, तुमच्यामुळे मीही टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. उंची पावणेसहा फूट, तरी २१ भरलं. सवयीने पुढे चिकटून बसतो, इतक्या वर्षांत कळलंच नाही. दोन खाचा मागे घेतली.

पाय_पोचेनात:
तुम्हाला मागे घ्यायला खाचा तरी आहेत.