उष्टे, खरकटे आणि पानावरचा आडवा हात: बडोद्याच्या पंगतीतले शब्द

(लिहिणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांच्या बडोद्यातल्या वस्तीची नावे दिली आहेत.)

विचारणा (दांडिया बाजार)
नमस्कार. ‘टेबल मॅनर्स’ला चांगला मराठी शब्द हवा आहे. बडोद्यातली मराठी मुले शाळेत आणि सोसायटीत गुजराती बोलतात. पाहुणा म्हणून कसे जेवावे, यावर त्यांच्यासाठी चार ओळी लिहायच्या आहेत. ‘भोजन-शिष्टाचार’ असे लिहिले तर मुले ते वाचायची नाहीत. दुसरी शंका अशी की ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ यांत काही फरक आहे का? मुले दोन्हींना ‘एठुं’ म्हणतात.

राजमहल रोड
‘जेवायची रीत’ किंवा ‘पंगतीची रीत’ लिहा. जेवण टेबलावर असले तरी बिघडत नाही. आपण ताटात जेवतो तरी ‘पाने घेतली’, ‘पानावर बसा’, ‘पानात टाकू नकोस’ असेच म्हणतो. केळीचे पान गेले, शब्द राहिला.

आता उष्टे आणि खरकटे. फरक आहे, आणि तो कळल्याशिवाय आपल्या निम्म्या रीती मुलांना कळणार नाहीत.

उष्टे म्हणजे उच्छिष्ट, कुणाच्या तरी तोंडाचा किंवा जेवत्या हाताचा संपर्क झालेले. खरकटे म्हणजे शिजलेल्या अन्नाचा अंश लागलेले. भाताचे पातेले अजून कोणी जेवले नसले तरी खरकटेच असते, भातवाढीही खरकटी. उलट एक चावा घेतलेला पेरू उष्टा आहे, पण त्याला खरकटा कोणी म्हणणार नाही. जेवलेले ताट उष्टेही असते आणि खरकटेही, म्हणून ‘उष्टी-खरकटी’ हा जोडशब्द. जेवणानंतर पाने उचलण्याला ‘उष्टी काढणे’ म्हणतात. गुजरातीत ‘एठां वासण’ म्हटले की काम भागते. मराठीत मात्र दोन शब्द आहेत, ते दोन्ही मुलांना द्यावेत.

यातूनच वाढण्याचा मुख्य नियम येतो. डाव, पळी, ओगराळे काहीही असो, ते ताटापासून चार बोटे वर धरायचे. आमटीचा डाव वाटीच्या काठाला टेकला की तो उष्टा झाला आणि तोच परत पातेल्यात गेला की सगळी आमटी उष्टी झाली. म्हणून पाहुण्याने वाटी उचलून डावापुढे धरू नये. वाटी खाली राहू द्यावी, अंतर वाढणाऱ्याला सांभाळता येते.

टेबलावर मधोमध भांडी ठेवून आपले आपण घ्यायचे असेल तर मराठी घरात डाव डाव्या हाताने धरतात, कारण उजवा हात उष्टा असतो. पाण्याचे फुलपात्रही डाव्याच हाताने. ज्यांच्याकडे डाव्या हाताने अन्न घेणे वाईट दिसते, तिथे ‘हात उष्टा आहे, जरा वाढता का?’ एवढे म्हटले की पुरते.

रावपुरा
वरच्या उत्तरात एक भर. मुलांना ‘नको’ आणि ‘पुरे’ यांतला फरक शिकवा. गुजराती ‘बस’ दोन्हीकडे चालते, त्यामुळे आपली मुलेही सगळीकडे ‘बस’च म्हणतात. वाढायच्या आधी ‘नको’. वाढणे चालू असताना ‘पुरे’. ‘पुरे’ डाव कलण्याआधी म्हणायचे, कलल्यावर नाही. पुरणपोळीवरचे तूप याला अपवाद, तिथे धार सुरू झाल्यावरच ‘पुरे’ म्हणतात.

खुणेने सांगायचे तर पानावर हात आडवा धरायचा. तळवा खाली, पानापासून वीतभर वर, आणि वाढपी समोर येण्याआधी. उशीर झाला की गरम आमटी हातावर येते. आणि हो, ‘पानावर आडवा हात धरणे’ म्हणजे नकार, पण ‘आडवा हात मारणे’ म्हणजे भरपूर जेवणे. वाक्यप्रचार शिकवताना ही दोन्ही शेजारी ठेवा, नाहीतर मुले उलटे लिहितील.

मांडवी
‘वाढणे’ विसरू नका. ‘भाजी सर्व्ह कर’ आणि ‘भाजी पिरस’ दोन्ही कानावर येते. गुजराती पीरसवुं आणि हिंदी परोसना हे संस्कृत परिवेषणातून आलेले, मराठीने ‘वृध्’ या धातूपासूनचा ‘वाढणे’ घेतला. अन्न दिल्याने ते वाढते, हा भाव त्यात असावा. तोच शुभ शब्द आपण नारळ वाढवतानाही वापरतो.

दांडिया बाजार
मनापासून आभार. भाताबद्दल विचारायचे राहिले. गुजराती मित्र आपल्याकडे जेवायला आला की सुरुवातीलाच भात पाहून गोंधळतो.

राजमहल रोड
कारण त्यांच्याकडे रोटली-शाक आधी आणि दाळभात शेवटी, भात आला की जेवण उरकत आले असे तो समजतो. आपल्या पंगतीत पहिला वरणभात, मग पोळी आणि गोड, मधे मसालेभात, शेवटी ताकभात. पहिली मूद मुद्दाम लहान असते. त्या भातावर पुन्हा भात मागितला तर पुरणपोळीला जागा उरत नाही आणि पुढचे पानात टाकावे लागते. यजमानांनी पहिल्या मुदीलाच सांगावे, ‘अजून दोन भात यायचे आहेत.’ आणि भातावर तूप पडेपर्यंत पाहुण्याने हात घालू नये. त्या तुपाला अन्नशुद्धी म्हणतात. ते सगळ्यांना वाढून झाले आणि यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणाले की सुरुवात.

रावपुरा
‘पंक्तिप्रपंच’ही घ्या. एकाच पंगतीत एकाला जिलबी चार आणि शेजारच्याला दोन, हा तो दोष. बहुधा मुद्दाम होत नाही. वाढपी एका टोकाने सुरुवात करतो, ओळखीच्या माणसापाशी रेंगाळतो आणि शेवटच्या पानापर्यंत ताट रिकामे होते. दुसरा फेरा उलट्या टोकाने सुरू केला की बरेचसे टळते. पाहुण्यानेही आपल्याला जास्त आलेले पाहून शेजाऱ्याकडे बोट दाखवावे. मात्र आपल्या पानातले उचलून त्याला देऊ नये, ते उष्टे.

मांडवी
‘आचवणे’ फक्त जेवणानंतरचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) तो अनुस्वार देऊन ‘आंचवणें’ असा आहे, मूळ ‘आचमन’. ‘जेवायच्या आधी आचवून ये’ हे चूक, आधी ‘हातपाय धुवून ये’. तुपाचे जेवण असेल तर आचवायला कोमट पाणी द्यावे, थंड पाण्याने तूप हातावर गोठते.

दांडिया बाजार
आणि निघताना? मुले ‘आवजो’ म्हणतात.

रावपुरा
‘आवजो’ सुंदरच आहे, त्याचा अर्थही ‘पुन्हा या’ असाच. पण मराठी घरातून निघताना पाहुण्याने ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणावे, ‘जातो’ नाही. यजमान म्हणतात ‘या’. त्या आधी पान उचलायला हात लावावा. यजमानांनी ‘राहू द्या’ म्हटले तर ताट जिथे होते तिथेच ठेवावे, त्यावरून ओढाताण करू नये, उष्टे सांडते.