मदत हवी आहे : नागपुरात राहून सागरी जीवशास्त्राची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, मानेवाड्याकडे राहते. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्राणिशास्त्र. पुढे सागरी जैवविविधता आणि तिचं संवर्धन यातच काम करायचं, हे पक्कं आहे. घरून विरोध नाही, पण बाबांचा एकच धोशा: "वाघाचं शिक ना, ताडोबा इथं हाकेवर आहे. समुद्राचं नागपुरात बसून काय शिकणार तू?" उत्तर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. आमच्या प्रयोगशाळेत समुद्र म्हणजे फॉर्मलिनच्या बरण्या. एक तारामासा, एक समुद्रघोडा, एक पिवळा पडलेला स्पंज, आणि लेबलं केव्हाच पुसलेली.

मावसभाऊ म्हणतो, तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथेच एम.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी) कर, बाहेर जायची भानगड नाही. ते मला चालेल का? नाहीतर एम.एस्सी.साठी कुठे अर्ज करू? आणि तोवर इथे राहून हाताला लागेल असं काही करता येतं का? नुसते व्हिडिओ पाहून कंटाळले. शिवाय पोहण्याची बोंब आहे, तेही सांगून ठेवते.

---

खाजण : ताई, आधी मावसभावाचा मुद्दा निकालात काढू. एम.एफ.एस्सी.ला बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी झालेली मुलं घेतात, मग ते नागपूर असो, रत्नागिरीचं शिरगाव असो की वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. तू प्राणिशास्त्रवाली, तुझी वाट एम.एस्सी.ची. बारावीनंतर विचारलं असतंस तर तेलंगखेडी नक्की सुचवलं असतं. मत्स्यविज्ञानात भर उत्पादनावर असतो: बीज, खाद्य, जाळी, साठा. तुला कोण कुठे राहतं आणि का कमी होतंय हे शिकायचंय. नातं आहे, पण चुलत.

अर्ज कुठे? कोचीच्या कुसॅट या विद्यापीठात सागरी जीवशास्त्राची एम.एस्सी. आहे. अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र परंगीपेट्टैला वेल्लार नदीच्या मुखाशीच आहे, वर्गातून उठलं की खाडी. पाँडिचेरी विद्यापीठाचा हा विभाग पोर्ट ब्लेअरला आहे, प्रवाळात शिकायचं तर त्याला तोड नाही. त्याची वाट सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून. गोवा विद्यापीठही बघ, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळ. मला विचारशील तर परंगीपेट्टै. नाव कमी ऐकू येतं, पण चिखलात उतरवून शिकवतात.

मासोळीवाला काका : पोरी, बाबांना म्हणा, समुद्र दर सकाळी बर्फात बसून नागपुरात येते! मंगळवारी नावाच्या बाजारात जाऊन पाहा. सुरमई म्हणून जे विकते ते नेहमी एकच नसते. अंगावर उभ्या नागमोडी पट्ट्या असल्या तर एक जात, गोल ठिपक्यांच्या ओळी असल्या तर दुसरी. ठिपके बर्फानं पुसट झाले असले तर बाजूची रेषा पाहायची. पट्टेवालीत ती दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली घसरते, ठिपकेवालीत हळूहळू उतरते. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, मासा हातात घेतल्यावर बसते.

आणखी एक. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. पट्टी घेऊन जा, विकणाऱ्याला आधी विचारा, गर्दीच्या वेळी जाऊ नका. महिनाभर मोजमाप लिहिलं तर त्यात प्रकल्प आहे. पापलेट तर आपला राज्यमासा, त्याचंच पिल्लू ताटात किती येते ते तरी कळेल.

खाजण : काका, झकास! ताई, मोजमापासोबत प्रत्येक माशाचा फोटो डावी बाजू दिसेल असा काढ, शेजारी पट्टी ठेवून. शास्त्रीय नाव फिशबेस या माशांच्या संकेतस्थळावर ताडून घे. मुलाखतीत असली वही दाखवलीस तर पुढचा अर्धा तास तिच्यावरच जाईल.

कन्हानकाठ : मी जरा वेगळं सुचवतो. संवर्धन म्हणजे फक्त किनारा नाही. नाग नदीत फेकलेली पन्नी कन्हानला जाते, तिथून वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी आहे. म्हणजे आपण समुद्रापासून लांब असलो तरी त्याच्या वरच्या अंगाला आहोत. कचऱ्याचा अभ्यास इथूनच सुरू होतो, आणि हे काम किनाऱ्यावरच्या पोरांना जमणार नाही. आपल्या शहरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, तिथे इंटर्नशिपसाठी विचारून बघायला काय हरकत?

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. नागाची गोष्ट बाबांना ऐकवली, ते चहा पिता पिता गप्प झाले. काका, रविवारी पट्टी घेऊन जाते. सुट्टीत एकदा तरी किनारा पाहायचा आहे, कुठे जाऊ? आणि पोहणं?

खाजण : मालवण. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पण पहिल्याच खेपेला पाण्यात उतरायचा हट्ट नको, खडकाळ किनारा चाल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओहोटी लागते, तेव्हा पाणी सर्वात लांब हटतं. ओहोटीची वेळ बघून तासभर आधी पोच आणि पाणी वळलं की निघ. घट्ट बूट घाल. दगड उलटलास तर तसाच परत ठेव, खालचे जीव उन्हात मरतात. मुंबईला गेलीस तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, एकटीपेक्षा त्यांच्यासोबत दुप्पट दिसेल.

पोहणं शिक, पण त्यासाठी अडून बसू नको. प्लवकवाले (पाण्यात तरंगणारे बारीक जीव अभ्यासणारे), खारफुटीवाले, शिंपल्यांवर काम करणारे बरेच जण सूक्ष्मदर्शकापाशी नाहीतर गुडघाभर चिखलात असतात. स्कूबाच्या कोर्सवर आत्ताच पैसे घालू नको.

प्रश्नकर्ती : एक बावळट प्रश्न. मला चष्मा आहे, उणे चार. पाण्याखाली दिसेल का काही?

मालवणी पाहुणा : बावळट कसला, सगळे विचारतात. मास्कखाली चष्मा चालत नाही, काड्यांमुळे कडा नीट बसत नाही आणि पाणी शिरतं. नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, तो घे. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे नंबर थोडा कमी असला तरी भागतं. बोटवाल्याकडे तसा असेलच असं नाही, नागपूरहूनच मागवून ने.