शोषण, शोषणांक की शोषणमान?

विचारणा, पांढरकवडा
बारावीच्या पोरांसाठी पाणी तपासणीची कृती मराठीत लिहितोय. द्रावणातून किती उजेड पार होतो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटर यंत्रावर दिसतो त्या 'अ‍ॅबसॉर्बन्स'ला मी 'शोषण' लिहिलं. आमच्याकडे शोषण म्हटलं की एक तर शेतकऱ्याचं, नाही तर कपाशीवरच्या रसशोषक किडी. पोरं हसली, ते ठीक. पण एकीने विचारलं, "सर, शोषण 1 म्हणजे सगळाच उजेड शोषला ना?" तिथे अडलो. 1 म्हणजे दहा टक्के उजेड पार होतो, 2 म्हणजे एक टक्का. तिला शब्दानेच चकवलं. दुसरा शब्द सुचवा.

पाणी तपासणीवाली
सर, शोषण ही क्रिया झाली, शोषखड्डा करतो ती. यंत्र दाखवतं तो लॉगचा आकडा. मी नव्या मुलांना दुपट्टा दाखवते. समजा एका पदरातून निम्मा उजेड पार होतो, तर आकडा 0.3. दुहेरी घडी केली की निम्म्याचा निम्मा, आकडा 0.6. उजेड दर घडीला निम्मा होतो, आकडा मात्र बेरजेने वाढतो. म्हणून तर द्रावणात पदार्थ दुप्पट झाला की आकडाही दुप्पट. बेर या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये हाच नियम मांडला.

आणि कृतीत 'तीव्रता' असेल तर ती आधी काढा. 'तीव्रता वाढली की तीव्रता घटते' असं वाक्य मी एका नोंदवहीत वाचलंय! पहिली द्रावणाची, दुसरी प्रकाशाची. पाठ्यपुस्तकातला 'संहती' जड वाटतो, पण इथे तोच हवा.

शब्दवेडा, वर्धा
द्रवणांक, उत्कलनांक, तसा 'शोषणांक'. सुटसुटीत आहे.

पाणी तपासणीवाली
नको हो भाऊ. द्रवणांक पदार्थाचा असतो, चिमूटभर घ्या की पोतंभर. हा आकडा संहतीवर आणि क्यूव्हेटच्या (नमुना भरायच्या पारदर्शक डबीच्या) जाडीवर हलतो. 'शोषणांक' राखून ठेवायचा तर एक मोलर संहती आणि एक सेंटिमीटर जाडीला येणाऱ्या आकड्यासाठी, म्हणजे मोलर अ‍ॅबसॉर्प्टिव्हिटीसाठी ठेवा, कारण ठरावीक तरंगलांबीला ती त्या पदार्थाची स्वतःची. रोज बदलणाऱ्याला आपण तापमान, पर्जन्यमान म्हणतो. म्हणून 'शोषणमान'.

आर्वीवाला
मले त शोषणांकच बरा वाटते. शेअर बाजाराचा निर्देशांक रोज हालते, त्याले कोनी निर्देशमान म्हनते का?

शब्दवेडा, वर्धा
हे बरोबर पकडलं. तरी माझं मत आता ताईंकडे. 'मान' ऐकलं की माणूस आपसूक विचारतो, आज किती?

विचारणा, पांढरकवडा
शोषणमान घेतो. पण ताई, आंबाडीचं शरबत जसंच्या तसं लावलं आणि मग तेवढंच पाणी घालून लावलं, तर आकडा निम्मा व्हायला हवा होता. जेमतेम हलला. नियम मोडला का?

पाणी तपासणीवाली
नियम नाही, यंत्राची नजर संपली. इतक्या गडद द्रावणातून हजारातला एखादा भाग उजेड येतो, आणि यंत्रातला भटका उजेडच तेवढा असतो. आकडा 0.1 ते 1 च्या दरम्यान येईल इतकं विरल करा.

फ्लोराइडला मात्र उलटं, पोरांना आधीच सांगा. स्पॅड्न्स नावाचा लाल रंग वापरायच्या पद्धतीत फ्लोराइड त्या रंगातलं झिर्कोनियम ओढून घेतं, लाल रंग फिका पडतो. म्हणजे 570 नॅनोमीटरला शोषणमान कमी, तर फ्लोराइड जास्त. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यात हा घोळ महागात पडेल. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी 'आकडा कमी आला' म्हणून चांगलं ठरवतील.

आर्वीवाला
मंग 'दहापट पातय कर' म्हनलं त पानी किती टाकाचं? दहा मिली?

पाणी तपासणीवाली
नऊ. 1 मिली नमुना, एकूण 10 मिली. दहा टाकलं की अकरापट होतं, आणि तुम्ही दहानेच गुणता. सर, कृतीत 'पातळ करा' लिहू नका, 'एकूण 10 मिली होईपर्यंत पाणी घाला' असं लिहा.