श्मेटॉव: 'सभ्य' सेनापती? (शीर्षक बदललं आहे, कारण शेवटी)

पाणकावळा:
इंग्लिश खाडी आपल्याला पोहणाऱ्यांमुळे माहीत. तिथलीच जर्सी, गर्न्सी, ऑल्डर्नी ही ब्रिटिश राजघराण्याची बेटं १९४०च्या उन्हाळ्यापासून मे १९४५पर्यंत जर्मनांकडे होती. मधला आणि अगदी शेवटचा काळ सोडला तर तिथला वरिष्ठ लष्करी अधिकारी होता रुडॉल्फ ग्राफ फॉन श्मेटॉव. ग्राफ म्हणजे काउंट, घराणं जुनं. माझं म्हणणं: जेत्यांमध्येही माणूस असतो, आणि हा होता. १९४४च्या नोव्हेंबरात उपासमार दिसू लागली तेव्हा बेलिफला, म्हणजे बेटाच्या मुलकी प्रमुखाला, रेडक्रॉसकडे मदत मागू दिली ती त्याच्याच कारकिर्दीत.

कडूनिंब:
ऑल्डर्नीचं नाव घेतलंत आणि पुढे गेलात! तिथले रहिवासी १९४०मध्येच निघून गेले होते. मग गुलामांसारखे राबवलेले मजूर आणले, मार्च १९४३पासून 'सिल्ट' छावणी एसएसकडे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाकडे. २०२४च्या ब्रिटिश तज्ज्ञ समितीचा अंदाज: मेलेले ६४१ ते १,०२७. श्मेटॉव साऱ्या बेटांचा सेनापती पुन्हा झाला तो १९४३च्या उत्तरार्धात, आणि एसएस तिथून हलली १९४४मध्ये. म्हणजे छावणी त्याच्या अंगणात होती.

पाणकावळा:
एसएसचे हुकूम बर्लिनहून येत. अंगण त्याचं, घर दुसऱ्याचं.

कडूनिंब:
घरातून ओरडणं ऐकू येतं की नाही?

रावसाहेब_७२:
आणि १९४२ची हद्दपारी? सुमारे २,२०० बेटकरी जर्मनीत डांबले. हेही काउंटसाहेबांचंच ना?

तळटीप:
नाही. हुकूम हिटलरचा, जर्सीत लागलेल्या नोटिशीवर सही फेल्डकोमांडांट (लष्करी प्रशासनाचा प्रमुख) क्नाकफुसची. तेव्हा बेटांवरची डिव्हिजन जनरल म्युलरकडे होती. श्मेटॉववर राग असेल तर असो, पण दुसऱ्याचं बिल त्याच्या नावे फाडू नका.

मोगरी:
मला यात माणसांचं खाणं दिसतं. शेवटच्या हिवाळ्यात कॉफी म्हणून भाजलेली ओकची फळं, चहा म्हणून काटेरी झुडपाची पानं. २७ डिसेंबर १९४४ला रेडक्रॉसची मदत घेऊन 'वेगा' जहाज गर्न्सीला लागलं. खोक्यात दूधभुकटी, लोणी, मनुका, चॉकलेट, साबण. साबण! त्या बायकांनी आधी काय उघडलं असेल? आणि जर्मन शिपाई? ते स्वतः खाजकुयलीसारख्या अंगाची आग करणाऱ्या झाडाचा पाला उकडून खात होते, पण ती खोकी बहुतांशी बेटकऱ्यांच्या हाती पोचली. असली शिस्त वरून येते, हे मी श्मेटॉवच्या खात्यात जमा करते.

कडूनिंब:
लुटलं नाही म्हणून शाबासकी? आणि इतकी उपासमार झाली कशाने? तीस हजारांच्या आसपास सैन्य तिथेच अडकून बसलं होतं. ऑगस्ट १९४४मध्ये जर्सीचे बेलिफ कुटांश यांनी लोकांना खायला घालणं ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं लेखी कळवलं, तेव्हा जर्मनांकडून उत्तर काय, तर वेढा घालणाऱ्या दोस्तराष्ट्रांची जबाबदारी! श्मेटॉव शरण गेला असता तर?

पाणकावळा:
हे बोलणं सोपं आहे. फेब्रुवारी १९४५च्या अखेरीस त्याला 'प्रकृती'चं कारण देऊन काढलं आणि कट्टर ॲडमिरल ह्युफमायर आणला. मार्चमध्ये फ्रान्सच्या ग्रॅनव्हिल बंदरावर छापा पडला तो ह्युफमायरच्या हाताखाली. दोघांमधला फरक बघा.

तळटीप:
फरक आहे, पण थोडं थांबा. त्या छाप्याचा पहिला प्रयत्न फेब्रुवारीच्या सुरुवातीला फसला. तेव्हा सेनापती श्मेटॉवच होता.

पाणकावळा:
हे मला ठाऊक नव्हतं. ऑल्डर्नीही मी आवरतं घेतलं, मान्य. तरी वेगाच्या खोक्यांवरून मी हटणार नाही. शीर्षकातला 'सभ्य' अवतरणात घातला आहे.

कडूनिंब:
प्रश्नचिन्ह विसरलात.

पाणकावळा:
घातलं.