मदत हवी आहे: मॅनेज्ड पोस्टग्रेसमध्ये पीजी_वॉल फुगून डिस्क भरते

उंबरठा:
पोस्टग्रेस १५ (डेटाबेस) मॅनेज्ड सेवा म्हणून, म्हणजे देखभाल आमच्याकडे ठेवून, द्यायचं आहे. दर ग्राहकाला वेगळं व्हीएम, ५० जीबी डिस्क. चाचणीत डेटा जेमतेम ६ जीबी, पण पीजी_वॉल (वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, तिच्या फाइलींचा फोल्डर) ४१ जीबीवर गेलं आणि सर्व्हर पॅनिक देऊन बंद पडला. मॅक्स_वॉल_साइज १ जीबीच आहे, अर्काइव्हिंगमध्ये (वॉलच्या प्रती बाहेर साठवणं) फेल्ड_काउंट शून्य. जुन्या फाइली उडवल्या तर चालेल का?
शिवाय, ग्राहकाला सुपरयूजर (सगळे हक्क असलेला यूजर) द्यावा का? आणि पुढे रेडिसही (मेमरीत चालणारा डेटाबेस) द्यायचं तर लायसन्स आडवं येईल का?

खिळेमोळे:
फाइलींना हात लावू नका! क्रॅशनंतरची रिकव्हरी त्यांतूनच होते. नेमकी हवी ती गेली तर सर्व्हर उठणारच नाही. आधी डिस्क १० जीबीने वाढवून सर्व्हर चालू करा आणि पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स बघा. स्लॉट म्हणजे वाचणारा कुठपर्यंत आलाय याची खूण; त्यापुढचं वॉल सर्व्हर जपून ठेवतो. अर्काइव्हिंग ठीक आहे म्हणजे बहुतेक एखाद्या स्लॉटचा रीस्टार्ट_एलएसएन (त्याला लागणाऱ्या सर्वात जुन्या वॉलचं ठिकाण) मागे अडकलाय. रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) काढली, स्लॉट तसाच राहिला, हा नेहमीचा घोळ. मॅक्स_वॉल_साइज स्लॉटने धरून ठेवलेल्या वॉलला रोखत नाही.
स्लॉट बेवारस असेल तर पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट चालवा, मग चेकपॉइंट (बदल डिस्कवर उतरवून नको असलेलं वॉल मोकळं करणं).
पुढे असं होऊ नये म्हणून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज १० जीबी ठेवा. डिफॉल्ट -१ आहे, म्हणजे मोकाट. तपासणी चेकपॉइंटला होते, तेव्हा आकडा थोडा वर जाईल हे धरून चाला. मर्यादा ओलांडली की स्लॉट 'लॉस्ट' होतो आणि ग्राहकाची रेप्लिका नव्याने बांधावी लागते. प्रायमरी (मूळ सर्व्हर) मात्र वाचते. ही अट करारात आधीच लिहा, नंतरची भांडणं टळतील.

दोनओळी:
सुपरयूजर अजिबात नको. 'कॉपी … टू प्रोग्रॅम' वापरून तो पोस्टग्रेस यूजरच्या हक्काने शेल कमांड चालवतो. बॅकअपच्या बकेटची (क्लाउडवरच्या साठ्याची) किल्ली त्याच यूजरला वाचता येते ना? सगळ्या ग्राहकांना एकच किल्ली असेल तर शेजाऱ्याचा बॅकअपही त्याच्या हातात. १५ वर क्रिएटरोलसुद्धा (नवे यूजर बनवायचा हक्क) देऊ नका, त्यातून स्वतःला पीजी_एक्झिक्यूट_सर्व्हर_प्रोग्रॅम (सर्व्हरवर कमांड चालवायचा हक्क) देता येतो. ही फट १६ मध्ये बुजवली.

कलम१३:
पोस्टग्रेसला लायसन्सची काही आडकाठी नाही. रेडिस ७.२ पर्यंत बीएसडी (मोकळा परवाना) होतं. मार्च २०२४ मध्ये आरएसएएल आणि एसएसपीएल हे दोन परवाने आले, म्हणजे ७.४ वर एक तर सेवा विकायची नाही, नाही तर बॅकअप-मॉनिटरिंगसकट सेवेचा सगळा कोड खुला करायचा. ८ पासून एजीपीएल या मुक्त परवान्याचाही पर्याय आहे. माझं मत, सरळ व्हॅल्की घ्या: रेडिस ७.२.४ वरून फुटलेलं आणि बीएसडीच.

उंबरठा:
स्लॉट सापडला. पण लॉजिकल (एका डेटाबेसमधले बदल बाहेर पाठवणारा) आहे आणि ॲक्टिव्ह 'टी' (म्हणजे हो) दाखवतोय?

खिळेमोळे:
मग ड्रॉप करू नका, कुणीतरी वाचतंय. तो ज्या डेटाबेसला जोडलाय तिथे लिहिणं थंड आणि त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जोरात, असं असेल. वॉल सगळ्यांचं एकच, पण वाचणाऱ्याला पोच द्यायला काही मिळत नाही, म्हणून स्लॉट जागचा हलत नाही. वाचणारा डेबेझियम (डेटाबेसमधले बदल दुसरीकडे पोचवणारं साधन) असेल तर हार्टबीट.इंटरव्हल.एमएस लावा, आणि हार्टबीट.ॲक्शन.क्वेरीने त्याच डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलात दर मिनिटाला एक अपडेट करा. ते टेबल पब्लिकेशनमध्ये (बदल पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घालायला विसरू नका.