मदत हवी आहे : टर्न-बेस्ड लढाई कंटाळवाणी होते आहे, नेमके काय चुकते आहे?

हिशेबनीस :

नमस्कार मंडळी,

गेले दीड वर्ष मी नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर मिळणाऱ्या तासा-दीड तासात, गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर (इंजिनवर) एक छोटासा रोल-प्लेइंग गेम तयार करतो आहे. गोष्ट, नकाशे आणि संवाद बऱ्यापैकी मार्गी लागले आहेत. घोडे अडले आहे ते लढाईपाशी. लढाई पाळीपाळीने चालणारी आहे आणि ती तशीच ठेवायची आहे, त्यामुळे "सरळ रिअल-टाइम (पाळीची वाट न बघता सतत चालणारी) करून टाका" हा सल्ला कृपया देऊ नये.

रचना अशी आहे. खेळाडूकडे तिघे जण आहेत : तलवारबाज, धनुर्धारी आणि वैदू. प्रत्येकाची जीवनशक्ती १००. साधा हल्ला फुकट आणि त्याने समोरच्याचे १० गुण जातात. प्रत्येकाकडे एक खास हल्ला आहे, ज्याने १६ गुण जातात, पण त्यासाठी २० पैकी ४ मंत्रशक्ती खर्च होते. वैदू तेवढ्याच खर्चात एखाद्याचे २५ गुण भरून काढू शकतो. पहिल्या जंगलात तीन लांडगे भेटतात. प्रत्येकाची जीवनशक्ती ६०, आणि चाव्याने ८ गुण जातात. माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा असल्यामुळे हे सगळे आकडे मी तक्त्यात मांडून, उलटसुलट तपासून ठरवले आहेत.

मागच्या रविवारी बारा वर्षांचा भाचा घरी आला होता, त्याला गेम खेळायला दिला. तो डाव्या हातात पोह्यांची बशी धरून बसला आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने एकच बटण दाबत राहिला : हल्ला, हल्ला, हल्ला. सहाव्या फेरीत तिन्ही लांडगे मेले. आमच्या तिघांचे मिळून ७२ गुण गेले होते, म्हणजे तीनशेपैकी पाव भागही नाही. त्याने एकदाही खास हल्ला वापरला नाही. कारण विचारले, तर म्हणाला, "पुढे मोठा बॉस येईल ना मामा, त्याच्यासाठी ठेवलेत." बॉस, म्हणजे तो मोठा शत्रू, आला तेव्हाही त्याने ते फारसे वापरले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मग मी लांडग्यांची जीवनशक्ती दुप्पट केली. परिणाम इतकाच झाला, की तेच बटण दुप्पट वेळा दाबावे लागले. मग चाव्याचे ८ गुण १४ वर नेले, तर वैदू एका पाळीआड उपचारच करत बसला आणि लढाई अधिकच रेंगाळली. तक्त्यातला जमाखर्च अगदी चोख जुळतो आहे, पण खेळताना मजा म्हणून येत नाही. लढाईत थोडी धाकधूक यावी, म्हणून आता प्रत्येक हल्ला ८० टक्के वेळाच लागेल असे करावे का, या विचारात आहे. ज्या गेममधली टर्न-बेस्ड लढाई आपल्याला मनापासून आवडली, तिच्यात नेमके काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सोंगटी :

आधी तुमच्याच आकड्यांवरून एक हिशेब मांडतो. सहा फेऱ्यांत तुमच्या तिघांच्या १८ कृती झाल्या. ७२ गुण गेले म्हणजे लांडग्यांनी ९ चावे घेतले. एकूण २७ कृती. एका हल्ल्याचे ॲनिमेशन किती सेकंदांचे आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण नवख्यांच्या गेममध्ये ते सहसा चारेक सेकंदांचे असते. तसे धरले, तर १०८ सेकंद खेळाडू नुसता बघत बसला आहे, आणि तेही जंगलातल्या प्रत्येक लढाईत. तेव्हा ॲनिमेशन दीड सेकंदावर आणा आणि बटण दाबून ठेवले की ते आणखी भरभर पुढे सरकेल अशी सोय करा.

८० टक्क्यांचा विचार मात्र सोडून द्या. हल्ला करणे एवढाच मार्ग जिथे आहे, तिथे हल्ला चुकला तर खेळाडूला धाकधूक वाटत नाही, फसवणूक झाल्यासारखे वाटते. टक्क्यांच्या बाबतीत माणसाचे मन मुळीच सरळ चालत नाही. फायर एम्ब्लेम या गेम-मालिकेच्या २००२ मधल्या भागापासून पुढच्या अनेक भागांत पडद्यावर ९० टक्के दिसत असले, तरी आतमध्ये दोन यादृच्छिक अंक काढून त्यांची सरासरी घेतली जाते, त्यामुळे हल्ला प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो. याउलट ३० टक्के दिसणारा हल्ला १८ टक्क्यांच्या आसपासच लागतो. खोटे आकडे दाखवूनच तो खेळ खेळाडूला खरा वाटतो, यातली गंमत तुमच्यासारख्या हिशेबतपासनिसाला पचायला जड जाईल.

रात्रपाळी :

सोंगटी यांच्याशी सहमत, पण मूळ दुखणे वेगात नाही. तुमचा लांडगा खेळाडूला काही विचारतच नाही. पहिल्या पाळीला जे उत्तर बरोबर होते, तेच सहाव्या पाळीलाही बरोबर आहे. मग अंगठ्याने तेच बटण का दाबू नये? तुमचा खास हल्लासुद्धा वेगळा हल्ला नाही, तो साध्या हल्ल्याचीच दीडपट-पावणेदोनपट महाग आवृत्ती आहे.

२००१ साली आलेला फायनल फँटसी १० हा गेम आठवून पाहा. तिथे खेळाडूच्या गटातल्या प्रत्येकाचे काम वेगळे आहे. चपळ प्राण्यांवर टीडसचा नेम बसतो, उडणाऱ्यांना वाक्काचा चेंडू गाठतो, चिकट लगद्यासारख्या प्राण्यांवर तलवार फुकट जाते आणि तिथे लुलूची जादू लागते, तर जाड कवचासाठी ऑरॉन हवा. लढाई चालू असतानाच माणूस बदलता येतो आणि आत आलेला लगेच आपली पाळी खेळतो. शिवाय पडद्याच्या कडेला पुढच्या पाळ्यांचा क्रम सतत दिसत असतो, आणि एखाद्या कृतीवर नुसते बोट ठेवले तरी तो क्रम कसा बदलेल ते तिथल्या तिथे कळते. ही खाली-वर होणारी चित्रे बघत "याला आत्ता मंद केले, तर त्याच्या आधी माझ्या दोन पाळ्या बसतील का?" असा विचार करण्यात किती मजा होती, हे ज्याने तो गेम खेळला आहे त्यालाच ठाऊक. तिथे लपवाछपवी जवळजवळ नव्हती, आणि म्हणूनच हरलो तर दोष आपला आहे हे मान्य व्हायचे.

दुसरे उदाहरण २००३ मधल्या शिन मेगामी टेन्सेई ३ : नॉक्टर्न या गेमचे. तिथे पाळ्या हीच नाणी असतात. तुमच्या गटात जितके जण, तितकी चिन्हे पडद्यावर असतात. शत्रूच्या दुखऱ्या जागेवर घाव बसला की पूर्ण चिन्हाऐवजी अर्धेच खर्च होते, म्हणजे जादा पाळी पदरात पडते. हल्ला हुकला तर दोन चिन्हे जातात, आणि समोरच्याने तो उलटवला तर सगळीच. हा नियम शत्रूलाही लागू असतो. त्यातल्या मॅटाडोर नावाच्या बॉसने अनेकांना रडवले आहे. तो एकाच चालीत आपली चपळाई कमाल पातळीवर नेतो, तुमचे हल्ले हुकू लागतात आणि प्रत्येक हुकलेल्या हल्ल्यासोबत दोन पाळ्या जातात. चपळाई कमी करणारे जे मंत्र तोवर आपण निरुपयोगी समजून बाजूला टाकलेले असतात, ते तिथे झक मारत शोधावे लागतात. मी त्याच्याकडून चार वेळा हरलो, आणि पाचव्या वेळी जिंकल्यावर रात्री दोन वाजता घरात सगळे झोपलेले असताना मोठ्याने ओरडलो.

तुमचा भाचा खास हल्ले साठवून ठेवतो, त्यावरचा उपाय ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर या २०१८ च्या गेममध्ये सापडेल. तिथे दर फेरीला प्रत्येकाला हल्ल्याचा जोर वाढवणारा एक गुण आपोआप मिळतो, पाचपर्यंत साठतो आणि एका वेळी तीनपर्यंत वापरता येतो; पण वापरला की पुढच्या फेरीत नवा गुण मिळत नाही. साठा पाचावर अडतो, म्हणून पुढच्या बॉससाठी राखून ठेवण्याला काही अर्थच उरत नाही. शत्रूच्या दुखऱ्या जागेवर घाव बसत गेले, की त्याच्या ढालीचा आकडा उतरत जातो; तो शून्यावर आला की तो कोसळतो, पुढच्या फेरीतली त्याची पाळीही जाते आणि तेवढ्या वेळात घाव जास्त लागतात. त्यामुळे गुण कधी साठवायचे आणि कधी उधळायचे, हा हिशेब दर फेरीला नव्याने करावा लागतो. हिशेब तर तुमच्या आवडीचाच विषय आहे.

कुंपणावरचा :

रात्रपाळी यांच्या पहिल्या उदाहरणाला माझी हरकत आहे. उडणाऱ्याला वाक्का, कवचाला ऑरॉन, हे कुलूप आणि किल्ली झाले. कोणती किल्ली कुठे लागते ते एकदा कळले, की विचार संपतो आणि भाच्याचा अंगठा पुन्हा कामाला लागतो. फरक इतकाच, की तो आता चार वेगळी बटणे दाबतो. पोकेमॉनमध्येही पाणी आगीवर भारी, आग गवतावर भारी, हे शाळकरी मुलांना पाठ असते. तरीही दोन माणसे समोरासमोर खेळतात तेव्हा तो खेळ खोल होतो, याचे कारण त्या तक्त्यात नाही, अदलाबदलीच्या किमतीत आहे. पोकेमॉन बदलला की त्या फेरीतला तुमचा हल्ला जातो, आणि दोघेही आपापली चाल एकाच वेळी ठरवत असल्यामुळे समोरचा काय बदलेल याचा अंदाज घेऊन खेळावे लागते. प्रत्येक बरोबर उत्तरासाठी काहीतरी सोडावे लागले पाहिजे. तुमच्या लांडग्यात तेच नाही.

हिशेबनीस :

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री बसून बदल केले, त्यांचा वृत्तांत देतो. ॲनिमेशन खरोखरच चार सेकंदांचे निघाले. ते दीडवर आणले. मंत्रशक्ती काढून टाकली आणि तिच्या जागी "दम" आणला. साध्या हल्ल्याने एक दम मिळतो, तो पाचपर्यंत साठतो आणि लढाई संपली की शून्य होतो. लांडग्यांची जीवनशक्ती ६० वरून ४५ वर आणली.

सर्वांत मोठा बदल कळपाच्या म्होरक्यात केला. तो आता एका फेरीत दबा धरतो, कोणावर झेपावणार आहे ते त्याच्या नजरेच्या दिशेवरून दिसते, आणि पुढच्या फेरीत त्या माणसाचे ४५ गुण घेतो. तलवारबाज आड आला तर निम्मेच गुण जातात, पण त्या फेरीत त्याला हल्ला करता येत नाही. धनुर्धाऱ्याने तीन दम खर्च करून पायावर बाण मारला, तर झेप रद्द होते. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून त्याच फेरीत म्होरक्याला संपवायचे, आणि नाही जमले तर भोगायचे.

काल भाचा पुन्हा आला. दोनदा हरला. तिसऱ्या खेपेला त्याने बशी बाजूला ठेवली, पडद्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "मामा, हा वैदूकडे बघतोय. बाण आत्ता मारू, की याच्यावर ढाल धरून दम पाचपर्यंत नेऊ?" दीड वर्षात या गेमबद्दल मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

पण संध्याकाळपर्यंत त्यानेही पळवाट शोधली. आता तो धनुर्धाऱ्याचे तीन दम कायम बाणासाठीच राखतो. दबा दिसला की बाण, दबा दिसला की बाण. कुंपणावरचे म्हणतात ती किल्ली त्याला सापडली आहे. बाणाची किंमत चार दम करावी का?

कुंपणावरचा :

किंमत वाढवू नका; चार दम केलेत तर तो चार राखेल. म्होरक्या आणि दुसरा एक लांडगा एकाच फेरीत दबा धरू देत, आणि दोघांच्या नजरा वेगवेगळ्या माणसांवर असू देत. बाण एक, ढाल एक, आणि दोन्ही वापरली तर त्या फेरीत हल्ला करायला एकटा वैदू उरतो. मग त्याला ठरवू दे, कोणाला चावू द्यायचे.

हिशेबनीस :

हे आज रात्रीच लावून पाहतो. एक शंका आहे. तलवारबाजाची ढाल त्या फेरीतल्या पहिल्या झेपेपुरतीच चालावी, की पूर्ण फेरीभर? फेरीभर ठेवली, तर दोन्ही लांडगे एकाच माणसावर झेपावतील तेव्हा ती फारच स्वस्त पडेल असे आकड्यांवरून दिसते आहे.