सोमाली शेजाऱ्यांबद्दल मदत हवी आहे

आम्ही मिनियापोलिसला राहतो. शेजारच्या सोमाली आजींनी परवा मोगादिशूतला (सोमालियाची राजधानी) त्यांच्या तरुणपणीचा फोटो दाखवला. अंगावर गुंतीनो, म्हणजे एका खांद्यावर गाठ मारलेलं लांबलचक कापड, दुसरा खांदा उघडा. नात मात्र पायघोळ जिलबाबात, म्हणजे डोक्यापासून अंग झाकणाऱ्या सैल पेहरावात. आजी म्हणाल्या, "हे अरबांचं, आमचं नाही." नात फणकारली, "धर्म आपलाच आहे ना?" मी वेलची-लवंगांचा 'शाह' (चहाच तो!) पीत गप्प.

सोमाली ही कुशितिक, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या एका भाषागटातली भाषा, अरबीची लांबची चुलत बहीण. १९७२ साली तिने लिपी घेतली ती रोमन. पण १९७४ मध्ये सोमालिया अरब लीगमध्ये (अरब देशांच्या संघटनेत) गेला, आणि कित्येक कुळं आपली वंशावळ थेट अरबी पूर्वजाला नेऊन भिडवतात. मग 'आमचं' नेमकं कुठे संपतं?

नैरोबीत किंवा आखातात सोमाली लोकांत वावरलेलं कुणी आहे का इथे? जिलबाब १९९१ च्या यादवीनंतर रुजला की आधीच? आणि खरी अडचण: पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे लग्न आहे. आजींना गुंतीनोचं कापड नेलं तर नातीला ते टोमण्यासारखं वाटेल का?